धाप लागते तेव्हा छातीत काय चालतं?

मागच्या भागात आपण अंगात रक्त कमी होण्याबद्दल बोललो. तो भाग ऐकून गटांतल्या बऱ्याच जणींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "माझं हिमोग्लोबिन बारा आहे, गोळ्याही खाल्ल्या, तरी हंडा घेऊन चढ चढले की दम लागतो. तो कशानं?" कुणी म्हणाल्या, अंगण झाडताना मध्येच थांबावं लागतं. कुणी म्हणाल्या, पहाटे उठल्यावर अर्धा तास खोकण्यातच जातो, मग कुठं छाती मोकळी होते.

बाईला दम लागला की आपल्याकडे उत्तरं तयारच असतात. वय झालं. अंग सुटलं. पाळी जायच्या दिवसांत असं होतंच. घरातल्या पुरुषाला धाप लागली तर त्याला त्याच दिवशी तालुक्याला नेतात, आणि बाईला लागली तर ती दोन मिनिटं ओट्यावर टेकते, पदरानं घाम पुसते आणि पुन्हा हंडा उचलते. म्हणून आज आम्ही ठरवलं की श्वास म्हणजे काय, तो कुठून जातो, कुठं अडतो, हे नीट समजून घ्यायचं. कुठं अडतं ते कळलं तर दवाखान्यात जाऊन सांगता येतं.

आधी हातातलं काम थोडं बाजूला ठेवा. एक हात छातीवर, एक हात पोटावर. नेहमीसारखा श्वास घ्या. दोन्ही हात उचलले जातात ना? छातीच्या पिंजऱ्याच्या तळाशी, पोटाच्या वर, स्नायूचा एक घुमटासारखा पडदा आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली दबतो, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, आतली जागा वाढते आणि हवा आपोआप आत ओढली जाते. पडदा सैल पडला की हवा बाहेर. लोहाराचा भाता पाहिलाय ना, तसंच. फुफ्फुसं स्वतः काही ओढत नाहीत. ती स्पंजासारखी मऊ असतात, भाता हलवतील तशी फुगतात. आठव्या महिन्यात गरोदर बाईला बसल्या जागी दम लागतो, त्याचं एक कारण हेच की वाढलेलं गर्भाशय त्या पडद्याला वर ढकलतं. तो दम बहुतेकदा साधा असतो. पण त्याबरोबर पाय, चेहरा सुजत असेल किंवा आडवं झोपता येत नसेल तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

आता हवेची वाट. नाकापासून सुरुवात करू. नाकात केस असतात, चिकट ओल असते आणि आतल्या अस्तरात भरपूर रक्त खेळतं. त्यामुळे थंड हवा ऊबदार होते, कोरडी हवा ओली होते आणि धूळ चिकटून राहते. मळणीच्या दिवसांत संध्याकाळी नाक शिंकरलं की मातकट काळं येतं. ते पाहून किळस करू नका. तेवढं छातीत जायचं वाचलं. पण तोंडानं श्वास घेतला तर ही गाळणी बाजूलाच राहते. आणि आपण तोंडानं मोठा श्वास कधी घेतो? फुंकणीनं चूल फुंकायच्या आधी. तोही चुलीपाशी वाकून, जिथं धूर सगळ्यात दाट असतो तिथं.

नाकामागे घसा. इथं अन्नाची आणि हवेची वाट एक होते आणि पुन्हा दोन फाटे फुटतात. मागे अन्ननलिका, पुढे श्वासनलिका. श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र आहे, त्यातून आपला आवाज निघतो, आणि त्यावर पानासारखं एक झाकण आहे. घास गिळताना ते झाकलं जातं. पडजीभ ती वेगळी, हे झाकण आणखी खाली असतं, आरशात दिसत नाही. जेवता जेवता हसलं किंवा बोललं की झाकणाची वेळ चुकते आणि ठसका लागतो. ठसका लागणं चांगलंच, तो आपला पहारेकरी आहे.

पण तान्ह्या बाळाचा हा पहारा अजून कच्चा असतो, म्हणून दोन गोष्टी स्पष्टच सांगतो. बाळाचं नाक दाबून औषध ओतू नका. आणि मालिश झाल्यावर नाकात तेल सोडू नका. आम्हाला ठाऊक आहे, आजेसासूबाई रागावतील, "आम्ही एवढी पोरं वाढवली" म्हणतील. त्यांचा मान ठेवूनच सांगा की तेल पाण्यासारखं जिरत नाही. ते श्वासनलिकेतून खाली उतरलं तर फुफ्फुसात साचतं आणि बाळाला न्यूमोनिया होऊ शकतो. अंगाला हवं तेवढं लावा, नाकात नको.

श्वासनलिका साधारण दहा-बारा सेंटीमीटर लांब असते, वितीपेक्षा कमीच. गळ्याच्या खालच्या भागावर हलकेच बोट फिरवा, कड्या लागतील. या कड्या घोड्याच्या नालेसारख्या, मागून उघड्या. त्यांच्यामुळे नळी मिटत नाही, आणि मागची बाजू मऊ असल्यानं अन्ननलिकेतून घास सरकायला जागा मिळते. छातीत गेल्यावर नळीचे दोन फाटे होतात. उजवा फाटा जास्त रुंद आणि सरळ असतो, म्हणून लहान मुलाच्या घशातून घसरलेला शेंगदाणा बहुतेकदा उजवीकडे जाऊन अडकतो. दाणे, फुटाणे, चिंचोके लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. द्यायचेच तर कूट करून द्या.

उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. आत नळ्यांना फांद्या फुटत जातात, त्या फांद्यांना आणखी फांद्या, असे साधारण तेवीस वेळा फाटे. उलटं टांगलेलं झाडच. शेवटी पानांच्या जागी हवेचे इवलेसे फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुफ्फुसांत मिळून ते तीस ते पन्नास कोटी असतात. ते सगळे उलगडून अंथरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील. योजनेतलं घरकुल २५ चौरस मीटरचं असतं. म्हणजे जवळजवळ तीन घरकुलांची जमीन आपण छातीत घडी करून ठेवली आहे.

एवढी जागा कशाला? देवाणघेवाणीला. वायुकोशाची भिंत कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही कितीतरी पातळ असते आणि तिला लागून केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. हवेतला प्राणवायू भिंतीतून रक्तात जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड हवेत येतो. आत जाणाऱ्या हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो, बाहेर येणाऱ्या हवेत सोळा उरतो. रक्तात हा प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. मागच्या भागाचा धागा इथं जुळतो. बाजारात माल भरपूर आहे पण गाड्या नाहीत, असं झालं तरी घरी माल पोचत नाही. तो रक्त कमी असल्याचा दम. आणि गाड्या उभ्या आहेत पण रस्ताच बुजलाय, तो फुफ्फुसाचा दम. गाड्या हाकणारं हृदय थकलं तर तिसरा. बाईला तिन्ही एकदम असू शकतात. म्हणून नुसतं रक्त तपासून "सगळं ठीक आहे" म्हटलं तर आपण पुढे विचारायचं.

शांत बसलेलं मोठं माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतं, दर श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा. मिनिटाला पंधरा धरले तर दिवसाला एकवीस हजारांवर श्वास होतात. हिशेब करा, दहा हजार लिटरहून जास्त हवा. उन्हाळ्यात गावात येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांपुढे आणा, तेवढी. टँकरच्या पाण्यात केर दिसला तर आपण आरडाओरडा करतो, फडक्यानं गाळून घेतो. या दुसऱ्या टँकरकडे कोण बघतं?

आता त्या टँकरमध्ये काय मिसळतं ते पाहू. ओलं लाकूड, तुराट्या, गोवऱ्या नीट जळत नाहीत. त्यांच्या धुरात इतके बारीक कण असतात की नाकाच्या केसांना ते अडत नाहीत, थेट वायुकोशापर्यंत जातात. श्वसननळ्यांच्या अस्तरावर अतिशय बारीक केसांचा थर असतो. तो सारखा वरच्या दिशेनं हलत असतो आणि चिकट कफात अडकलेली घाण घशाकडे लोटत राहतो. घरात सतत चालू असलेला केरसुणीचा हातच म्हणा. धुरानं हा हात मंदावतो, शेवटी केस झडतात. कफ मात्र वाढतो. साचलेला कफ वर आणायला मग एकच उपाय उरतो, खोकला. पहाटे अर्धा तास खोकणाऱ्या आपल्या मैत्रिणीच्या छातीत हे चाललेलं असू शकतं.

वर्षानुवर्षं असं झालं की नळ्यांना आतून सूज राहते, त्या अरुंद होतात. वायुकोशांच्या भिंती फाटून छोट्या फुग्यांचे मोठे ढिले फुगे बनतात, आणि देवाणघेवाणीची जागा घटते. हवा आत जाते पण पूर्ण बाहेर पडत नाही. या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. फाटलेले वायुकोश परत नीट होत नाहीत. पण पुढचं नुकसान थांबवता येतं, औषधानं दम कमी होतो, आणि हे जितकं लवकर कळेल तितकं बरं.

बऱ्याच काळापर्यंत हा विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार मानला जाई. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की कधीच धूम्रपान न केलेल्यांतही हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरानं २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं दगावली. तरी अजूनही दवाखान्यात बाईला विचारतात, "तंबाखू? विडी?" ती "नाही" म्हणते आणि विषय संपतो. चुलीचं कुणी विचारत नाही. म्हणून न विचारता सांगायचं: "मी इतकी वर्षं चुलीवर स्वयंपाक करते." वर्षांचा आकडा सांगा. मिश्री भाजत असाल तर तेही सांगा. तव्यावर तंबाखू भाजताना तोंडावर येतो तो तंबाखूचाच धूर.

गॅस आला ना मग, असं कुणी म्हणेल. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी शेगडी आली. पण गटात हात वर करायला सांगितलं की चहा गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचं पाणी चुलीवर, असंच बहुतेक घरी निघतं. भाकरी चुलीचीच गोड लागते हे खरं, पण खरं कारण सिलिंडरचे पैसे. आणि सिलिंडर कधी भरायचा हे जी धूर खाते ती क्वचितच ठरवते. आमचं मत असं की बचत गटात बियाण्यासाठी, फीसाठी कर्ज देतो तसा सिलिंडरसाठीही छोटा फिरता पैसा ठेवायला हरकत नाही. दोन गटांनी तसं सुरू केलंय.

तोवर जमेल ते करू. लाकूड वाळवून वापरावं. चूल शक्यतो घराबाहेर छपराखाली घ्यावी. धुराडं असेल तर त्यातली काजळी काढत राहावी, नाहीतर धूर परत घरातच येतो. डाळ भिजवून आणि झाकण ठेवून शिजवली की जाळ कमी लागतो. तान्ह्या बाळाला पाठीशी किंवा मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नये.

बाळंतिणीच्या खोलीचं वेगळं सांगायला हवं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी, खिडक्या बंद. माया असते त्यात, पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपण जिला गाडी म्हटलं त्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, मग प्राणवायूला जागाच राहत नाही. बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. बाळाला ऊब द्यायची तर टोपडं, पायमोजे आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण. धूर नको आणि बंद खोलीत निखारेही नकोत.

बाळांवरून गडचिरोली आठवते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांत पाहिलं की लहान मुलं न्यूमोनियानं फार दगावतात आणि डॉक्टर गाठेपर्यंत उशीर होतो. त्यांनी गावातल्याच लोकांना, दायांनाही, न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. ओळखायची खूण होती श्वासाचा वेग. पण ज्या बाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिनं काय करायचं? त्यासाठी त्यांनी एक साधं साधन बनवलं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या कामाचे निष्कर्ष छापून आले. जिथं हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानानं निम्म्याहून कमी होते.

ती मोजणी आपण सगळ्या जणी शिकून ठेवू. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोट-छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला. त्यातच श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडत असेल, म्हणजे आपण 'पोट उडतंय' म्हणतो तसं, किंवा बाळ अंगावर प्यायचं थांबलं असेल, तर रात्र असली तरी निघायचं. १०८ ला फोन करा. पोटावर डाग देणं, बिब्बा घालणं, यात जो वेळ जातो तोच बाळाचा जीव घेतो. आकडे लक्षात राहत नसतील तर आशाताईंकडून भिंतीवर लिहून घ्या.

मोठ्यांच्या खोकल्याबद्दल एकच. दोन आठवड्यांवर टिकला तर थुंकी तपासायची, सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात. टीबी निघाला तर औषधं फुकट, आणि पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. चुलीचा खोकला म्हणून टीबी अंगावर काढलेल्या बायका आम्ही पाहिल्यात.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर छातीला नळी लावतात. ती नळी आली कुठून? १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांपुढे एक तरुण बाई रुग्ण म्हणून आली. तेव्हा छातीला थेट कान लावून ऐकत. ते त्यांना अवघड वाटलं, म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं कानाला. आवाज आणखी स्पष्ट आला. बाईच्या संकोचाची कुणी कदर केली तर केवढं साधन निघतं बघा! आपल्यालाही संकोच वाटत असेल तर सोबत कुणाला आत घ्या, नर्सताईंना थांबायला सांगा, पण पाठ-छाती नीट तपासून घ्या. दमाची तक्रार जुनी असेल तर 'फुंकायची तपासणी', म्हणजे स्पायरोमेट्री, कुठं होते ते विचारा. एका यंत्रात जोरानं फुंकायचं. नळ्या अरुंद आहेत का ते त्यात कळतं, सुई नाही की काही नाही. जन्मभर फुंकणी फुंकलेल्या आपल्याला ते जड जाऊ नये.

शेवटी पंपाचा प्रश्न, तो दर वेळी येतो. "पंपाची सवय लागते का?" नाही. उलट हिशेब बघा. दम मोकळा करणाऱ्या सालब्युटामॉलच्या नेहमीच्या पंपातून एका फवाऱ्याला १०० मायक्रोग्रॅम औषध मिळतं. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे चाळीस फवाऱ्यांएवढी, आणि ती सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथं हवं तिथंच जातं. रोज घ्यायचा पंप आणि अडीअडचणीचा पंप वेगळे असतात, ते नीट समजून घ्या. रोजच्या पंपात स्टेरॉइड असेल तर घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंड येतं.

आणि लग्नाच्या मुलीचा पंप लपवू नका. पाहुणे येणार म्हणून एकीच्या घरी तो धान्याच्या कोठीमागे ठेवला होता. रात्री मुलीला अटॅक आला तेव्हा तो सापडायला वेळ लागला. मुलगी वाचली. आता तो पंप देवघराच्या फळीवर, सगळ्यांच्या हाताला येईल असा असतो, आणि सोयरीकही जमली आहे. होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं एवढंच, की वर्षाला किती लागतात.